१०२४ बाय ७६८ वर अडकलेली लिनक्सची स्क्रीन : पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं वर्कशॉप असो की राजारामपुरीतलं डीटीपीचं टेबल, जुन्या पीसीवर लिनक्स टाकलं की ही तक्रार ठरलेली: मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा आणि सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ च्या वर पर्यायच नाही. बहुतेक वेळा दोष ग्राफिक्स कार्डाचा नसतो. कोणते मोड, म्हणजे रिझोल्यूशन, चालतात ही आपली माहिती मॉनिटर १२८ बाइटच्या ईडीआयडी या नोंदीतून सांगतो. व्हीजीए केबलमध्ये ती १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येते. स्वस्तातल्या केबलीत, स्प्लिटरमध्ये ही जोडणी तुटली की कर्नल (लिनक्सचा गाभा) जपून १०२४ बाय ७६८ पर्यंतचेच मोड देतो. म्हणून आधी केबल बदलायची, कमांड नंतर.

नव्वदच्या दशकात मोडलाइन, म्हणजे मोडच्या वेळेच्या आकड्यांची ओळ, हाताने लिहावी लागे. आकडे चुकले तर सीआरटी (जुना नळीचा मॉनिटर) जायची भीती. खरी सोय झाली २००७ मध्ये, एक्स या लिनक्सच्या जुन्या ग्राफिक्स व्यवस्थेतल्या रँडर १.२ मुळे. सीव्हीटी या कमांडने मोडलाइन काढायची, एक्सरँडर या कमांडच्या न्यूमोडने नोंदवायची, अ‍ॅडमोडने आउटपुटला जोडायची, तेही चालू सेशनमध्ये. खोट एवढीच की सीव्हीटी रुंदी ८ च्या पटीत धरतं. १३६६ मागितलं की १३६८ मिळतं, आणि जोडाक्षरांच्या कडा पुसट दिसतात. त्यापेक्षा प्रमाण आकडेच घालावेत: ८५.५ मेगाहर्ट्झ, आडवे १३६६, १४३६, १५७९, १७९२, उभे ७६८, ७७१, ७७४, ७९८, दोन्ही सिंक धन.

२००९ च्या २.६.२९ या आवृत्तीपासून मोड लावण्याचं काम कर्नलमध्ये जाऊ लागलं, इंटेलपासून सुरुवात झाली. त्यावर आजही कुणी वाद घालत नाही.

वाद आहे तो एक्सच्या जागी आलेल्या वेलँडचा. एक्समध्ये कुठलाही प्रोग्राम रिझोल्यूशन बदलू शके. गेम मध्येच कोसळला की डेस्कटॉप ६४० बाय ४८० वर लटके. वेलँडने हा अधिकार काढून कंपोझिटरकडे, म्हणजे खिडक्या एकत्र करून स्क्रीनवर दाखवणाऱ्या प्रोग्रामकडे, दिला. विचार रास्त होता, पण सगळ्यांना चालेल असं पर्यायी हत्यार हाती न देताच जुनं काढून घेतलं. प्रत्येक डेस्कटॉपचं वेगळं: केडीईत केस्क्रीन-डॉक्टर, डब्ल्यूएलरूट्स लायब्ररीवर बांधलेल्या कंपोझिटरांकडे डब्ल्यूएलआर-रँडर, तर ग्नोमच्या सेटिंगमध्ये मॉनिटरने न सांगितलेला मोड जोडायची जागाच ठेवली नाही. जुने उतारे वाचून लोक एक्सरँडर चालवतात. उत्तर देतं एक्सवेलँड (वेलँडमध्ये एक्सचे प्रोग्राम चालवणारा थर), आणि स्क्रीन हलत नाही. उबंटूने १७.१० मध्ये वेलँड मूळ सेशन केलं, १८.०४ मध्ये मागे घेतलं, २१.०४ मध्ये पुन्हा आणलं. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन पीसींवर एकच उपाय चालेल याची खात्री राहिली नाही.

एक्स आणि वेलँड दोन्हीकडे चालणारा मार्ग कर्नलचा. ग्रब या बूट लोडरच्या (पीसी सुरू होताना कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रामच्या) कर्नल ओळीत ‘व्हिडिओ’ पॅरामीटरला आउटपुट, मोड आणि ६० हर्ट्झ द्यायचं, मग अपडेट-ग्रब आणि रीबूट. आउटपुटचं नाव कर्नलचंच हवं: एक्सरँडर ज्याला एचडीएमआय-१ म्हणतं, त्याला कर्नल एचडीएमआय-ए-१ म्हणतो. एवढ्यानेही भागलं नाही तर ईडीआयडीची फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवून कर्नलला तिचं नाव सांगता येतं. मात्र ग्राफिक्स ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमधून (बूट होताना आधी उघडणाऱ्या छोट्या फाइलसंचातून) सुरू होत असेल, तर फाइल तिथेही घालावी लागते, नाहीतर कर्नलला ती सापडतच नाही.