टोपी दिसत नाही म्हणून काडतूस रिमफायर ठरत नाही

अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील जुन्या लष्करी ठाण्यांत सापडणाऱ्या काडतुसांच्या तांब्याच्या पुंगळ्यांविषयी एक समज संग्राहकांमध्ये टिकून आहे: बुडावर टोपी (ठोक्याने पेटणारे स्फोटक मिश्रण असलेली छोटी धातूची वाटी) वा छाप नसेल, तर ती पुंगळी रिमफायर (जिच्या बुडाच्या कडेतच हे मिश्रण असते आणि ठोका कडेला बसतो), म्हणजे लष्कराची नव्हे. हा समज चुकीचा आहे.

लष्कराच्या १८७३ च्या स्प्रिंगफील्ड बंदुकांसाठी फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात बनलेल्या .४५ काडतुसांत स्फोटक मिश्रण आतल्या बाजूस, बेनेट पद्धतीच्या कपात बसवलेले असे. बाहेरून बूड सपाट दिसते. मात्र बुडाच्या जरा वर पुंगळीच्या अंगावर कप पकडणाऱ्या दोन खाचा असतात आणि झाडलेल्या पुंगळीवरील ठोक्याची खूण मध्यभागी उमटते, कडेला नाही. बाहेरून टोपी बसवण्याची पद्धत १८८२ च्या सुमारास रूढ झाली.

छापही १८७७ पासूनच येऊ लागला. ‘आर एफ ३ ७७’ याचा अर्थ रायफल, फ्रँकफर्ड, मार्च १८७७. घोडदळाच्या कार्बाइनसाठी (आखूड बंदुकीसाठी) ‘आर’ऐवजी ‘सी’. त्यामुळे असा छाप असलेली पुंगळी जून १८७६ मधील लिटल बिगहॉर्नच्या (अमेरिकी घोडदळ आणि मूळ रहिवासी जमाती यांच्यातील) लढाईची म्हणून कोणी विकत असेल (आणि असे प्रकार होतात), तर तो दावा तिथेच कोसळतो. त्या रणभूमीवर १९८४ मध्ये झालेल्या उत्खननात पुंगळ्यांवरील ठोक्यांच्या खुणा जुळवून एकेका बंदुकीची हालचाल शोधता आली, ती प्रत्येक पुंगळीची जागा नोंदवली गेल्यामुळेच. संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवर विनापरवाना असे अवशेष खणणे १९७९ च्या पुरातत्त्व कायद्यानुसार गुन्हा आहे.