२४ काडेपेट्यांचं शिकणारं यंत्र

सांगलीच्या विश्रामबागेत शाळा सुटायच्या वेळेला चक्कर मारली की क्लासच्या जाहिरातींनी डोळे भरून जातात. 'इयत्ता दुसरीपासून एआय', 'तुमचं मूल मागे राहू नये'. आईबाप धास्तावतात आणि फी भरतात. त्यांची काळजी खोटी नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगची ओळख सांगितली आहे आणि सीबीएसईच्या शाळांत २०१९पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आहे. पण दुसरीतल्या पोराला एखाद्या ॲपची बटणं शिकवली, तर ते दहावीला जाईपर्यंत ते ॲप राहिलेलं तरी असेल का? यंत्र 'शिकतं' म्हणजे नेमकं काय करतं, हे कळलं तर ते जन्मभर पुरेल. त्यासाठी संगणकही लागत नाही. रिकाम्या काडेपेट्या आणि रंगीत मणी पुरतात.

डोनाल्ड मिची या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१च्या सुमारास ३०४ काडेपेट्यांचं यंत्र केलं आणि ते फुल्ली-गोळा खेळायला शिकलं. दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या सांकेतिक संदेश फोडणाऱ्या केंद्रात, संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंगच्या सहवासात राहिलेला हा माणूस. संगणक हाताशी नव्हता म्हणून पेट्या जमवल्या. ३०४ पेट्या जमवणं कुठल्याही वर्गाला जड जाईल. १९६२ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणितविषयक सदरात २४ पेट्यांत भागणारा खेळ सुचवला. मला तो फार आवडतो. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळामुळे सांगलीत प्याद्याची चाल पोरांना शिकवावी लागत नाही, म्हणून तर तो इथे फारच शोभतो.

पट तीन बाय तीन घरांचा. दोन्ही बाजूंना तीन-तीन प्यादी. प्यादं एक घर सरळ पुढे जातं, तिरकं मारतं. ज्याचं प्यादं समोरच्या टोकाला पोचलं, ज्याने समोरची सगळी प्यादी मारली किंवा समोरच्याला चालच उरू दिली नाही, तो जिंकला. पांढरी प्यादी मुलाची, पहिली चाल त्याची. काळी प्यादी काडेपेट्यांची.

प्रत्येक पेटीवर पटाची एक मांडणी काढायची आणि तिथून काळ्याला शक्य असलेली प्रत्येक चाल वेगळ्या रंगाच्या बाणाने दाखवायची. पेटीत त्या त्या रंगाचा एकेक मणी. डावी-उजवी बाजू उलटवून एकच होणाऱ्या मांडण्यांना एकच पेटी, म्हणून २४ पेट्यांत काम भागतं. यंत्राची पाळी आली की समोरच्या मांडणीची पेटी शोधायची, डोळे मिटून एक मणी काढायचा, त्या रंगाची चाल खेळायची. यंत्र हरलं तर त्याची शेवटची चाल ठरवणारा मणी कायमचा जप्त. जिंकलं तर सगळे मणी आपापल्या पेटीत परत. एखादी पेटी रिकामी झाली, म्हणजे तिथून वाचायची वाटच नाही. यंत्राने डाव सोडायचा आणि त्याच्या आधीच्या पेटीतला मणी काढून घ्यायचा. बस, एवढंच.

आता एक डाव बघू. मुलाने मधलं प्यादं पुढे सरकवलं. पेटीत दोन मणी आहेत: हिरवा म्हणजे कडेच्या प्याद्याने ते मधलं प्यादं मारायचं, लाल म्हणजे कडेचं प्यादं नुसतं पुढे ढकलायचं. लाल निघाला. मुलाचं मधलं प्यादं दुसऱ्या कडेचं काळं प्यादं तिरकं मारतं आणि थेट टोकाला पोचतं. डाव संपला, लाल मणी गेला. पुढच्या वेळी त्या पेटीत हिरव्याशिवाय काही उरलेलंच नाही. यंत्राला खेळ 'समजला' का? पेटीत एक मणी कमी झाला, त्यापलीकडे काहीही घडलेलं नाही. या खेळात मागून चाल करणाऱ्याने अचूक चाली केल्या तर तोच जिंकतो, त्यामुळे असे मणी जात जात शेवटी पेट्या अजिंक्य होतात.

माझा खरा मुद्दा इथून सुरू होतो. मुलाला ती तिरकी मार दिसलीच नाही तर? लाल मणी पेटीत तसाच राहील. मिची यांच्या यंत्रात जिंकल्यावर जादा मणी बक्षीस मिळायचे. त्या पद्धतीत कच्चा प्रतिस्पर्धी चुकीच्या चालीला खतपाणीच घालेल. यंत्राची चूक पकडायला समोरच्याला खेळ यावा लागतो. मूल गणित, इतिहास, मराठी जितकं पक्कं जाणेल तितकंच त्याला यंत्राचं फसलेलं उत्तर ओळखता येईल. 'आता पाठांतर नको, पाढे नकोत, सगळं यंत्र सांगेल' हे म्हणणं मला म्हणूनच घातक वाटतं.

हरल्यावर दोष कुणाचा, हा पेट्यांपुढचा अवघड प्रश्न. शेवटच्या मण्याला शिक्षा होते, पण घोळ आधीच्या चालीतही असू शकतो. चॅटजीपीटीसारख्या आजच्या भाषा-प्रारूपांत मण्यांच्या जागी एकामागोमाग थरांत मांडलेल्या अब्जावधी संख्या असतात, त्यांना भार म्हणतात. मजकुराचा पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधायचा, खऱ्या मजकुराशी ताडून पाहायचा, आणि प्रत्येक भार किंचित बदलला तर चूक किती बदलेल हे कलनशास्त्रातल्या साखळी नियमाने शेवटच्या थरापासून पहिल्या थरापर्यंत उलटं मोजत न्यायचं. ज्याचा वाटा जास्त, त्याला धक्का जास्त. ही रीत रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या १९८६च्या लेखाने सर्वांपर्यंत पोचवली. त्यातले जेफ्री हिंटन यांना २०२४ साली जॉन हॉपफील्ड यांच्यासह भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रारूप असं मजकुरावर शिकून झालं की माणसं त्याच्या उत्तरांची तुलना करून पसंती नोंदवतात आणि भार पुन्हा हलतात. म्हणजे मणी द्यायचा की काढायचा हे ठरवणारं कुणीतरी असतंच.

हाच प्रश्न मुलांनी एआय ज्योतिषाच्या ॲपलाही विचारावा: पत्रिकेतलं भाकीत चुकलं तर कुठल्या पेटीतला मणी कमी होतो? कुठल्याच नाही. मेंदूचा मधला भाग जागा करून मुलांना डोळे बांधून वाचायला शिकवतो म्हणणारे 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्गही तसलेच. डोळ्याला पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाजवळच्या फटीतून बघत असतात, आणि ती फट नीट बंद केली की वाचन थांबतं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जन्मभर हेच सांगितलं, दावा तपासून बघा. मुलांना एआयच्या जगासाठी तयार करायचं तर आधी ही सवय लावा.

पेट्या झाल्या की पावसाळ्यात एक वही घालावी. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी रोज जाहीर होते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. आजची पातळी आणि कोयनेतून सोडलेलं पाणी बघून मुलाने उद्याची पातळी लिहायची, दुसऱ्या दिवशी चूक किती फुटांची ते शेजारी मांडायचं आणि अंदाजाचा नियम थोडा बदलायचा. मोठ्या मुलांनी आलेखही काढावा. मग त्यांना २०१९बद्दल विचारा. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २००५च्या पुरालाही मागे टाकून. २००५ ते २०१८ एवढ्याच नोंदींवर शिकलेल्या यंत्राने तो आकडा सांगितला असता का, आणि सांगितला असता तर त्यावर विश्वास ठेवून घर कधी सोडायचं हे कुणी ठरवलं असतं?