शंकरपटाची परवानगी घोड्याला चालत नाही

यात्रांचा हंगाम आला की मराठवाड्यात शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, परवानगीसाठी धावपळ सुरू होते. जिल्हाधिकाऱ्यांचा कागद हाती पडला की शर्यत कायदेशीर झाली, मग बैलांसोबत घोडे पळवले तरी काय बिघडलं, असा समज अनेकांचा असतो. राज्यात काही ठिकाणी तर एकाच गाड्याला घोडा आणि बैल जुंपतात. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची मुळं कायद्यांच्या इतिहासात आहेत.

घोडा या भागाला नवा नाही. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंट या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचं घोडदळ औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथल्या छावण्यांत असे. 1903 मध्ये ही फौज ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात विलीन झाली. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेतला घोड्यांचा बाजार मात्र आजही भरतो.

घोड्यांच्या शर्यतींचा कायदा इथल्या माळरानासाठी झालाच नव्हता. मुंबई सरकारने 1912 मध्ये रेसकोर्स परवाना कायदा केला. परवान्याशिवाय रेसकोर्सवर शर्यती घेण्यास त्याने मनाई केली. त्याची नजर महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसवर होती आणि खरी चिंता पैजांची होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे या कायद्याच्या कक्षेबाहेर. इथे जुगाराचा वेगळा, 1305 फसलीचा (साधारण 1895-96 चा) हैदराबादी कायदा चालत असे. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर मुंबईचे कायदे टप्प्याटप्प्याने इकडे लागू झाले.

त्यातला जास्त जाच होऊ शकतो तो 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याचा. घोड्यांवरची पैज त्यात जुगार ठरत नाही, पण ती परवानाधारक रेसकोर्सच्या ठरवून दिलेल्या आवारात आणि शर्यतीच्याच दिवशी लागली तर. गावाच्या शिवारात लागलेली पैज सरळ जुगारात मोडते. अड्डा चालवणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘घोड्यांची रेस कौशल्याचा खेळ आहे’ हा सर्वोच्च न्यायालयाचा 1996 चा निकाल काही जण पुढे करतात. तो निकाल मद्रासच्या रेस क्लबच्या प्रकरणातला आहे. माळावरच्या बाजीला त्याचं संरक्षण मिळत नाही.

बैलांचा रस्ता पूर्ण वेगळा. केंद्राने 2011 मध्ये बैलाला खेळासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती थांबवल्या. 2017 मध्ये राज्याने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली. अंतर जास्तीत जास्त 1000 मीटर, काठी-चाबूक वर्ज्य, आणि बैलाला इजा झाली तर 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. न्यायालयीन अडथळ्यांमुळे ही दुरुस्ती अडकली. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना वाट मोकळी केली, 18 मे 2023 रोजी त्याच्याच घटनापीठाने दुरुस्ती कायम ठेवली.

या दुरुस्तीतली व्याख्या फक्त बैलांची आहे. तिच्यात घोड्याचं नावही नाही. म्हणून शंकरपटाच्या परवानगीवर घोडा पळवणं म्हणजे परवानगीविना पळवणं.

मग घोड्याचं रक्षण कोण करतं? 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. प्रेक्षकांसमोर होणारे घोड्यांचे खेळ 2001 च्या नियमांनुसार नोंदणीच्या कक्षेत येतात. त्या तरतुदी मोडल्या तर 500 रुपयांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. घोड्याला मारलं, दमेपर्यंत पळवलं, तर पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलं तर 25 ते 100 रुपये किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकांपूर्वीचे आहेत. डांबरी रस्त्यावर पळवून खूर फुटलेल्या, तोंडाला फेस आलेल्या जनावराची किंमत पन्नास रुपये धरणं मला संतापजनक वाटतं. त्याच मैदानात बैलाला इजा झाली तर 5 लाखांची तरतूद आहे, आणि घोड्याला दुखणं काही कमी होत नाही. केंद्राने 2022 मध्ये दंड वाढवणारा मसुदा हरकतींसाठी जाहीर केला होता, पण त्याचा अजून कायदा झालेला नाही.