भट्टीत गेलेले टायर : वीणा सहजवाला यांच्या संशोधनाची पार्श्वभूमी

'हरित पोलाद' हा शब्द आज मुख्यतः हायड्रोजन वापरून लोहखनिजापासून काढलेल्या पोलादासाठी रूढ होत आहे. परंतु सिडनी येथील न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील पदार्थ अभियांत्रिकीच्या प्राध्यापिका वीणा सहजवाला तो बऱ्याच आधीपासून निराळ्या अर्थाने वापरत आल्या आहेत. त्यांच्या पोलादात कोकची, म्हणजे कोळशापासून केलेल्या कार्बनयुक्त पदार्थाची, काही जागा टाकाऊ टायर आणि प्लास्टिक घेतात.

सहजवाला मुंबईत वाढल्या. जिथे भंगारवाला पत्रा आणि बाटल्या तोलून नेतो आणि बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, त्या शहरात 'निरुपयोगी' हा शब्द सहजासहजी उच्चारला जात नाही, आणि आपल्या दृष्टीवर मुंबईचा हा संस्कार असल्याचे त्या स्वतः सांगतात. कानपूरच्या आयआयटीतून त्यांनी 1986 मध्ये धातुशास्त्राची पदवी घेतली. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. पुढे कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातील सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधन संस्थेमार्गे त्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात आल्या.

त्यांच्या कामाचा गाभा समजण्यासाठी भंगार वितळवणाऱ्या विद्युत भट्टीत, म्हणजे आर्क फर्नेसमध्ये, काय घडते ते पाहावे लागते. सुमारे 1600 अंश सेल्सिअसला वितळलेल्या पोलादावर धातुमळीचा, म्हणजे स्लॅगचा, थर तरंगतो. त्यात कार्बन फुंकला, की तो मळीतील लोहाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेतो, कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो आणि मळी फेसाळून वर येते. हा फेस विजेच्या प्रखर ज्योतीला पांघरुणासारखा झाकतो, त्यामुळे उष्णता धातूत टिकते, अग्निरोधक विटांचे अस्तर वाचते आणि वीजही कमी लागते. हा कार्बन परंपरेने कोळशापासून केलेल्या कोकमधून येतो. सहजवाला यांनी दाखवले की कोकमध्ये रबर किंवा प्लास्टिक मिसळून फुंकले, तर भट्टीच्या तापमानात त्यांचे रेणू तुटून कार्बनबरोबर हायड्रोजनही मोकळा होतो, तोही ऑक्साइडचे क्षपण करतो, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेतो, आणि फेस अधिक चांगला धरतो. येथे टायर केवळ इंधन म्हणून जाळले जात नाही, ते रासायनिक क्रियेत भाग घेते. हा फरक नजरेआड केला तर संशोधनाचे मोल कळणार नाही. वनस्टील या ऑस्ट्रेलियन कंपनीने हे तंत्र प्रत्यक्ष उत्पादनात आणले आणि लाखो टायर त्यात वापरले गेले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. कोकचा वाटा यात कमी होतो, संपत नाही. शिवाय जगातील बहुतांश पोलाद अजूनही झोतभट्टीच्या, म्हणजे ब्लास्ट फर्नेसच्या, मार्गाने खनिजापासूनच तयार होते, आणि तो प्रश्न या तंत्राच्या आवाक्यात येत नाही.

2008 मध्ये त्यांनी विद्यापीठात 'स्मार्ट' हे शाश्वत पदार्थ संशोधन केंद्र स्थापन केले. तेथून 2018 मध्ये ई-कचऱ्याची 'मायक्रोफॅक्टरी' पुढे आली. मोठ्या धातुशोधन कारखान्याला प्रचंड प्रमाणात माल लागतो आणि तो दुरून आणावा लागतो. उलट ही छोटी युनिटे सुमारे 50 चौरस मीटर जागेतही बसू शकतात. मोडलेल्या फोन-संगणकांचे भाग त्यात वेगळे केले जातात, लहान भट्टीत तापमान काटेकोर राखून सर्किट बोर्डांतून तांबे-कथिलाचे मिश्रधातू काढले जातात आणि प्लास्टिकपासून त्रिमितीय छपाईसाठी तंतू बनवला जातो.

2022 मध्ये न्यू साउथ वेल्स राज्याचा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान त्यांना मिळाला. मला मात्र त्यांचे कापडावरचे काम अधिक विचार करायला लावते. सुती आणि पॉलिएस्टर धागे एकत्र विणलेला सदरा पुन्हा धाग्यांत वेगळा करणे अत्यंत अवघड असते. सहजवाला यांच्या गटाने तो वेगळा करण्याचा नादच सोडला: कापड बारीक करून ते काचेच्या चुऱ्यात मिसळायचे आणि उष्णता व दाब देऊन त्याच्या फरशा बनवायच्या.