हाताला गोळा येतोय का नस दबतेय? डिटेलिंगवाल्यांनो, आधी हे ओळखा

डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारीक साफ करून चमकवायच्या कामात, दिवसभर गाडी घासून संध्याकाळी हाताचा भुगा झाला की आपल्याकडे सगळ्यांचा इलाज एकच, बाम चोळा, मेडिकलवाल्याकडून एक पेनकिलर घ्या, झोपा आणि सकाळी परत पॉलिशर हातात. पण या कामातलं हाताचं दुखणं मुख्यतः दोन प्रकारचं असतं आणि दोघांचे इलाज वेगळे, काही बाबतीत तर चक्क उलटे. एक म्हणजे गोळा येणं, पेटका, स्नायू आखडतो ते. दुसरं म्हणजे मनगटात नस दबणं, ज्याला डॉक्टर लोक कार्पल टनल म्हणतात. वरवर बघितलं तर दोन्ही सारखंच, हात दुखतो, पकड जाते, मायक्रोफायबरचं फडकं हातातून निसटतं. फरक असा की पहिलं बहुतेक वेळा थोड्या विश्रांतीने नाहीतर रात्रीच्या झोपेने मिटतं, आणि दुसरं झोपेतच उठतं.

गोळ्याचं आधी बघू कारण तो सगळ्यांनाच येतो. क्ले (पेंटवर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) मारताना नाहीतर स्प्रेची बाटली दाबताना अंगठा आपोआप तळव्यात ओढला जातो, बोटं वाकडी होऊन अडकतात, अंगठ्याखालचा गादीसारखा भाग दगडासारखा कडक होतो आणि दुसऱ्या हाताने बोटं एक एक करून सोडवावी लागतात. काही सेकंद ते काही मिनिटं, मग सुटतो, मागे ठणका राहतो. कधी कधी गोळा हातात न येता कोपराच्या खाली आतल्या बाजूला येतो आणि लोक गोंधळतात की काम तर बोटांनी केलं मग दुखतंय इथे का. तर बोटं मुठीत वळवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात, तिथून दोऱ्या म्हणजे टेंडन मनगटातून बोटांपर्यंत जातात. मूठ जितकी घट्ट तितका लोड तिकडे वर.

आणि आपण गरजेपेक्षा खूप घट्ट धरतो हे कुणीही मान्य करेल. सगळ्यात वाईट म्हणजे चिमटीची पकड, क्ले बार दोन बोटात धरून अख्खं बोनेट काढायचं, एअर व्हेंटमध्ये छोटा ब्रश फिरवायचा, एम्ब्लेमच्या कडा साफ करायच्या. पूर्ण मुठीत वस्तू धरली तर ताकद सगळ्या हातात वाटली जाते, चिमटीत ती अंगठा आणि दोन बोटांवर येते. स्प्रेच्या ट्रिगरचं तसंच, एका गाडीच्या इंटिरियरला तेच एक बोट किती वेळा दाबलं जातं ते मोजायलाच नको.

नाशिकमध्ये यात एप्रिल-मे ची भर पडते. अंबड, सातपूर, पाथर्डी फाटा, कुठेही जा, बहुतेक सेंटर पत्र्याच्या शेडमध्ये आहेत, बाहेर चाळीशीच्या आसपास पारा असला की आत पंखा फक्त गरम हवा फिरवतो आणि पेंटवर कोटिंग चढवताना धूळ नको म्हणून तोही बंद. घामाने पाणी जातं तसं मीठही जातं. आता गोळा पाणी कमी पडल्यानेच येतो असं जे सगळे छातीठोक सांगतात ते अर्धंच खरं, अभ्यासकांमध्ये त्यावर वाद आहे आणि थकलेल्या स्नायूला मज्जातंतूंकडून चुकीचे सिग्नल जातात हे कारण बरेच जण जास्त महत्त्वाचं मानतात. म्हणून दोन ग्लास लिंबूपाणी पिऊन परत तीच चिमटी तेवढीच घट्ट धरली तर गोळा परत येणार. पाणी हवंच, पण पकड सैल करणं आणि मध्ये मध्ये थांबणं त्याहून मोठं काम करतं.

आता नस. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे, खाली हाडं, वर जाड पट्ट्यासारखं लिगामेंट, आणि त्यातून बोटं वळवणाऱ्या 9 दोऱ्या आणि एक नस, मीडियन नर्व्ह, अशा सगळ्या दाटीवाटीने जातात, सीबीएस बसस्टँडवरून सुटणाऱ्या सिटीबसच्या फूटबोर्डवर असते तशी गर्दी. दोऱ्यांभोवतीचं आवरण जाड झालं, सुजलं किंवा मनगट बराच वेळ वाकलेलं राहिलं की आतला दाब वाढतो आणि त्यात बिचारी नस चेंगरते. आपल्या कामात मनगट कधी सरळ असतं? दाराच्या खालच्या पॅनलवर पॉलिशर आडवा धरला की मनगट वाकडं, व्हील आर्चमध्ये ब्रश घातला की वाकडं. श्रावणात त्र्यंबकेश्वरहून आलेल्या गाड्यांचा चिखल काढा नाहीतर रात्रभर मुंबई-आग्रा हायवेवर पळून आलेल्या गाडीच्या बंपरवरचे किडे काढा, मनगट तेच भोगतं. वर मशीनची थरथर.

नस दबली की दुखण्यापेक्षा मुंग्या आणि बधिरपणा जास्त असतो, आणि तोही ठरावीक बोटांत, अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची अर्धी बाजू. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळी, ती या बोगद्यातून जात नाही. रात्री दोन-तीनला झोप मोडते, हात झोपलेला असतो, माणूस उठून हात झटकतो आणि मग बरं वाटतं. ही झटकण्याची सवय इतकी ठरलेली आहे की डॉक्टर मुद्दाम विचारतात. झोपेत मनगट वाकवून उशीखाली घालतो ना आपण, त्यामुळे रात्री जास्त. दिवसा मग टू-व्हीलरचं हँडल धरलं, फोन बराच वेळ हातात धरला की परत तेच.

म्हणजे ओळखायचं कसं, तर तीन गोष्टी बघा. कधी होतं, काम चालू असताना की रात्री. कुठे होतं, मांसल भागात कडक गोळा हाताला लागतो का, की बाहेरून काहीच लागत नाही पण बोटांची टोकं बधिर. आणि ताणल्यावर काय होतं. गोळा असेल तर हळू ताणल्यावर सुटतो. नस असेल तर मनगट जोरात मागे-पुढे वाकवल्यावर मुंग्या उलट वाढतात, आणि इथेच दोन्हीचे इलाज एकमेकांच्या विरोधात जातात, कारण सेंटरमधला कुणीतरी जुना माणूस येतो आणि "ताण, अजून ताण" म्हणत मनगट पिळतो. घरी करायची एक साधी टेस्ट आहे, दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकांना लावायच्या, बोटं खाली, मनगटं पूर्ण वाकलेली, मिनिटभर तसंच राहायचं. त्यात त्याच बोटांना मुंग्या आल्या तर नसेचा संशय घ्यायचा. संशयच, निदान नाही, एनसीव्ही टेस्टमध्ये नसेतून सिग्नल किती वेगाने जातो ते मोजतात तेव्हा नीट कळतं.

करंगळीलाच मुंग्या येत असतील तर गोष्ट कोपराची असू शकते. इंटिरियर करणारी पोरं दाराच्या कडेवर नाहीतर कन्सोलवर कोपर टेकवून तासभर वाकलेली असतात आणि सुट्टी झाली की कोपर दुमडून फोन कानाला, तिथली नस वेगळी पण तक्रार तशीच. मान वळवल्यावर कळ खाली येत असेल तर मानेचं बघा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखतं आणि अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे झुकवलं की डोळ्यात पाणी येतं, तर ती अंगठ्याची दोरी, स्प्रेवाल्यांचं खास दुखणं. आणि डाव्या हातात कळ, छातीत दडपण, घाम असं एकत्र आलं तर हे सगळं वाचत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

मशीनबद्दल थोडं जास्त सांगतो कारण यावर आपल्याकडे कुणी बोलत नाही. रोटरी पॉलिशर नुसता गोल फिरतो, डीए म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन फिरतो आणि हेलकावतोही, त्यामुळे पेंटला डीए सेफ पण हाताला थरथर जास्त. 15 एमएम थ्रोच्या (थ्रो म्हणजे हेलकाव्याचा घेर) मशीनला 21 वाल्या मशीनची मोठी बॅकिंग प्लेट (पॅड बसतं ती चकती) लावली, पॅड मध्यावर न लावता तिरका लावला, बेअरिंग घासलंय तरी चालवलं, की थरथर अजून वाढते कारण आतलं काउंटरवेट ठरावीक वजनासाठी बसवलेलं असतं. मशीनच्या मॅन्युअलमध्ये व्हायब्रेशनचा आकडा दिलेला असतो, मीटर पर सेकंद स्क्वेअर मध्ये. युरोपात 2002 चा नियम आहे, 8 तासांच्या हिशोबाने 2.5 च्या वर गेलं की मालकाने उपाय सुरू करायचे आणि 5 च्या वर जायचंच नाही. हिशोब वर्गाचा आहे, थरथर दुप्पट झाली तर वेळ अर्धा नाही, पावपट होतो. म्हणजे 5 आकड्याचं मशीन 2 तास हातात धरलं की 2.5 ची पातळी आलीच, आणि 10 चं असेल तर अर्ध्या तासात. हा मशीन प्रत्यक्ष चालू असलेला वेळ, पॅड बदलायचा आणि कंपाउंड (घासायची पेस्ट) पुसायचा वेळ धरायचा नाही. वर्षानुवर्षं थरथर खाल्ली की बोटांच्या रक्तवाहिन्या पण बिघडतात, थंडीत बोटांची टोकं पांढरीफटक पडतात. निफाड-नाशिकच्या डिसेंबरच्या पहाटे गार पाण्याने फोम वॉश करताना कुणाची बोटं अशी खडूसारखी पांढरी पडत असतील तर "थंडी आहे" म्हणून सोडू नका, मशीनचं काम कमी करून दाखवून घ्या. अँटी-व्हायब्रेशन ग्लोव्हज विकत घेऊन सगळं मिटेल असं समजू नका, थरथर कमी करण्यात त्यांचा फारसा भरवसा नाही, हात गरम ठेवतात एवढा फायदा खरा.

मग करायचं काय. गोळ्यासाठी, आला त्या क्षणी हातातलं सोडा, कोपर सरळ, तळवा वर, दुसऱ्या हाताने बोटं हळू मागे ओढून 20-30 सेकंद धरा, झटके नकोत. क्ले बारऐवजी क्ले मिट वापरला तर पूर्ण तळव्याने काम होतं, चिमटी सुटते. ट्रिगरच्या बाटलीऐवजी पंप स्प्रेयर घ्या, एकदा हवा भरली की अंगठ्याने हलकं दाबायचं. बारीक दांड्याच्या ब्रशला जुनी सायकलची ट्यूब नाहीतर फोम गुंडाळून दांडा जाड करा, जाड आणि न सरकणाऱ्या दांड्याला कमी ताकद लागते. कामाची पाळी लावा, अर्धा तास पॉलिश, मग व्हॅक्यूम, मग काचा, एकच पोरगा सकाळपासून कंपाउंड मारतोय असं करू नका. दसरा-दिवाळीच्या गर्दीत हे बोलणं सोपं आणि पाळणं अवघड हे मला माहितीय, तरी.

उन्हाळ्यात ताक, लिंबू-मीठ-साखर, किंवा 1 लिटर पाण्यात सपाट 6 चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे कुठल्याही एनर्जी ड्रिंकपेक्षा बरं आणि स्वस्त. बीपी नाहीतर किडनीचा त्रास असलेल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारून. आणि घामाने सुकलेल्या अंगावर रिकाम्या पोटी पेनकिलर घेऊ नका, किडनीवर येतं. बीपीच्या पाणी काढणाऱ्या गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असताना सारखे गोळे येत असतील तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

नसेसाठी मात्र ताणणं-चोळणं बाजूला ठेवा, मनगट सरळ ठेवणं हे मुख्य औषध. रात्री मनगट सरळ धरणारा स्प्लिंट बांधून झोपायचं, साधारण 6 आठवडे तरी, दोन रात्री बांधून "काही फरक नाही" म्हणून फेकून द्यायचा नाही. घट्ट आवळायचाही नाही, आतून पट्टी असलेला हवा, नुसता इलॅस्टिकचा बँड नव्हे. दिवसा खालचं पॅनल करताना वाकून मनगट मोडण्यापेक्षा चाकाच्या स्टुलावर बसा, गाडी लिफ्टवर घेता येत असेल तर घ्या, आणि मशीनवर भार देऊ नका, घासायचं काम पॅडने आणि कंपाउंडने करायचं असतं, खांद्याने नाही. स्माइली बॉल दाबायचा व्यायाम जो सगळे सांगतात तो मला इथे पटत नाही, दिवसभर मूठच आवळली आणि संध्याकाळी परत मूठच. पाच बोटांना रबरबँड लावून बाहेर उघडायचा व्यायाम त्यापेक्षा बरा, तोही मुंग्या वाढत नसतील तरच.

बी ट्वेल्व्हच्या गोळ्यांचं पण सांगायला हवं, मुंग्या म्हटलं की मेडिकलवाला त्याच काढून देतो. बी ट्वेल्व्ह कमी असल्याने मुंग्या येतात हे खरं, शाकाहारी लोकांत ते कमी सापडतंही, पण त्या सहसा दोन्ही पायांना, हातांना अशा येतात. तपासून कमी निघालं तर जरूर घ्या, बोगदा मात्र गोळीने रुंद होत नाही. याउलट शुगर आणि थायरॉइड तपासून घेणं फार उपयोगाचं, डायबेटीस आणि थायरॉइड कमी असणाऱ्यांना कार्पल टनल जास्त होतो.

घरच्या उपायांवर थांबून राहायचं कधी नाही, तर बधिरपणा येऊन-जाऊन न राहता दिवसभर टिकायला लागला, शर्टाचं बटण लागेना, अंगठ्याखालचा मांसल भाग दुसऱ्या हाताशी तुलना केल्यावर सपाट दिसायला लागला. हे झालं की स्प्लिंटवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, उशीर झाला तर नस पूर्ण परत येईलच असं नाही. इंजेक्शनने काहींना काही महिने आराम मिळतो, ऑपरेशनमध्ये तो वरचा पट्टा कापून जागा मोकळी करतात, छोटं असतं पण जड काम परत सुरू करायला काही आठवडे जातात, त्यामुळे सीझन बघून आधीच ठरवलेलं बरं. त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे, आडगावचं मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, ईएसआयसी कापली जात असेल तर सातपूरचं आहे. जाल तेव्हा नुसतं "हात दुखतो" म्हणू नका, कुठली बोटं, रात्री का दिवसा, कुठलं मशीन आणि रोज साधारण किती तास, हे सांगा आणि शुगरचा जुना रिपोर्ट असेल तर खिशात टाकून न्या.