‘लाय’ की ‘ले’? मराठीतला ‘ने’ सांगेल

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही ज्या जोडीशी अडखळतात, ती ही: ‘लाय’ आणि ‘ले’. लाय म्हणजे आडवं होणं, पडून असणं. ले म्हणजे काहीतरी ठेवणं, अंथरणं, रचणं. पुस्तक टेबलावर पडलंय, तिथे लाय. पुस्तक टेबलावर ठेव, तिथे ले. कोंबडी अंडी घालते तेही ले, गवंडी विटा रचतो तेही ले.

इथवर सोपं आहे. घोळ होतो भूतकाळात, कारण लायचा भूतकाळच ‘ले’ आहे! एकाचं कालचं रूप आणि दुसऱ्याचं आजचं रूप हुबेहूब सारखं. ‘काल दुपारी मी जरा पडलो’ हे इंग्रजीत ‘आय ले डाउन’. कानाला ते अर्धवट वाटतं, म्हणून आपण शेवटी ‘ड’ जोडून ‘आय लेड डाउन’ म्हणून मोकळे होतो. पण लेड हा ‘ठेवणं’ या अर्थाच्या लेचा भूतकाळ. लायचं तिसरं रूप ‘लेन’, आणि ते बोलण्यात क्वचितच कानावर पडतं. (खोटं बोलणं या अर्थाचा लाय हे मुळातच निराळं क्रियापद. त्याचा भूतकाळ सरळ ‘लाइड’.)

ले सकर्मक आणि लाय अकर्मक, हा नियम खराच आहे, पण बोलण्याच्या ओघात कर्म शोधत कोण बसणार? त्यापेक्षा आपल्या भाषेतली कसोटी मला फार जवळची वाटते. वाक्य मनात मराठीत आणि भूतकाळात म्हणून बघा. ‘ने’ आला तर ले-लेड-लेड, नाही आला तर लाय-ले-लेन. तिने बाळाला गादीवर ठेवलं: लेड. ती बाळाशेजारी लवंडली: ले. त्याने चादर अंथरली: लेड. फाइल वर्षभर कपाटात पडून होती: ले. फक्त कसोटी लावताना कर्ता ‘मी’ धरू नका. ‘मी ठेवलं’ आणि ‘मी लवंडलो’, दोन्हीकडे मी तसाच राहतो, ‘ने’ दिसतच नाही. तो किंवा ती घ्या.

या जोडीचं आपल्याशी नातं मात्र याहून खोल आहे. जुन्या इंग्रजीत ही दोन क्रियापदं होती ‘लिज्जन’ आणि ‘लेज्जन’. जर्मनमध्ये आजही ‘लीगेन’ आणि ‘लेगेन’ अशी जोडी आहे. यातलं दुसरं पहिल्याचं प्रयोजक रूप, म्हणजे ती क्रिया करायला लावणारं. भाषाशास्त्रज्ञांनी त्याचं आणखी जुनं रूप ‘लग्यन’ असं बांधलंय: आतला स्वर बदलायचा आणि पुढे ‘य’चा प्रत्यय लावायचा. संस्कृतात ‘पतति’वरून ‘पातयति’ होतं ते याच रीतीने, आणि तीच रीत आपल्या पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे यांत उतरलीय. दोन्हीकडची ही रीत एकाच इंडो-युरोपीय मुळातून आली. कायद्याला इंग्रजीत ‘लॉ’ म्हणतात, तो शब्दही याच धातूचा, जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतून आलेला. अर्थ, घालून दिलेलं. आपणही नियम घालूनच देतो, हे पाहून मला मनापासून आनंद होतो.

लायच्या जागी ले म्हणण्याची सवय चौदाव्या शतकापासूनची आहे. त्यावर बोट ठेवायला सुरुवात झाली ती १७७०च्या सुमारास, आणि तेव्हापासून शालेय पुस्तकं ही चूक सुधारतायत. म्हणून कुणी ‘लाय डाउन’ऐवजी ‘ले डाउन’ असं सांगितलं तर मी त्याला अडवणार नाही, अर्थ पोचलेला असतो. अर्जात, लेखात, परीक्षेत मात्र फरक पाळावा, तिथे वाचणाऱ्याच्या तो लगेच डोळ्यात भरतो.

‘राइज’ आणि ‘रेज’ यांतही अशीच गल्लत होते. तिथेही हीच कसोटी चालते: तो उठला, राइज. त्याने हात वर केला, रेज.