पेरोव्स्काइट एलईडी: प्रकाशाला दिशा देताना

भिंग न बसवलेली सपाट एलईडी अंधारात लावली आणि तिच्या बाजूबाजूने सरकत गेले, तर ती ६० अंशांच्या तिरक्या कोनातूनही समोरच्या तुलनेत साधारण निम्म्या तीव्रतेने उजळलेली आढळते. खोली उजळायची असेल तर हा पसारा सोयीचाच. पण प्रकाश बारीक प्रकाशतंतूत सोडायचा असेल किंवा डोळ्यासमोरच्या चष्म्यातील चिमुकल्या पडद्यावरून नेमका बुबुळात पोहोचवायचा असेल, तर त्यातला बराचसा वाया जातो.

पेरोव्स्काइट या विशिष्ट रचनेच्या स्फटिकांच्या थरातून प्रकाश सोडणाऱ्या एलईडीत त्याआधीच एक अडचण असते. या स्फटिकांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वळवण्याच्या क्षमतेचे माप, २ पेक्षा जास्त असतो. तो २.३ धरला, तर सपाट पृष्ठभागावर लंबापासून सुमारे २६ अंशांपेक्षा तिरका आलेला किरण हवेत न शिरता आतच परावर्तित होतो. सामान्य तापमानाला चालणारी अशी एलईडी २०१४ मध्ये केंब्रिज येथील गटाने दाखवली तेव्हा तिची कार्यक्षमता एक टक्क्याच्याही आत होती. २०१८ मध्ये ती २० टक्क्यांच्या पुढे गेली, तरी आत अडकणाऱ्या प्रकाशाचा प्रश्न संपला नाही.

एक उपाय थेट उगमापाशी आहे. प्रकाश सोडणारा प्रत्येक सूक्ष्म द्विध्रुव, म्हणजे धन-ऋण विद्युतभारांची डोलणारी जोडी, अँटेनाच्या तारेसारखा वागतो: स्वतःच्या लांबीच्या दिशेने काहीच सोडत नाही, काटकोनात सर्वांत जास्त सोडतो. म्हणून पेरोव्स्काइटच्या काही नॅनोमीटर जाडीच्या चपट्या पट्ट्या थरात आडव्या निजवल्या की बहुतेक द्विध्रुवही आडवे होतात आणि प्रकाश मुख्यतः समोर जातो.

याहून काटेकोर दिशा हवी असेल, तर थरावर सुमारे ३०० नॅनोमीटर अंतराच्या समांतर रेघांची जाळी उठवतात. थरात आडवा धावणारा प्रकाश तिच्यामुळे वळून बाहेर पडतो. सीडी तिरकी केली की रंग सरकतात, कारण तिच्यावरील बारीक रेघांची जाळी प्रत्येक रंगाला वेगळ्या कोनात पाठवते. पेरोव्स्काइटचे खरे बळ मला इथे दिसते. हिरव्या प्रकाशात त्याच्या रंगपट्ट्याची, म्हणजे तरंगलांबींच्या पसाऱ्याची, रुंदी सुमारे २० नॅनोमीटरच असते, त्यामुळे जाळीतून निघणारा झोतही अरुंद राहतो; पांढऱ्या प्रकाशाचा असा झोत विविध रंगांत फाकला असता.

मात्र नक्षी कोरण्याची नेहमीची पद्धत इथे अवघड जाते. तिच्यातील विद्रावकांनी आणि पाण्याने हा थर बिघडतो, म्हणून रेघा कोरण्याऐवजी मऊ थरावर साचा दाबून त्या उमटवण्याचा मार्ग निवडला जातो.